विजेची सायकल आणि घरची व्हिजिट

वैद्यकी आणि वाहन यांचे नाते फार जुने आहे. टांग्यातून, पुढे सायकलवरून आणि त्यानंतर स्कूटरवरून रुग्णाच्या दाराशी उतरणारा डॉक्टर आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. हँडलला अडकवलेली कातडी बॅग, हात धुण्यासाठी काढून ठेवलेले गरम पाणी, साबणाची नवी वडी आणि घडी न मोडलेला टॉवेल ही घरच्या व्हिजिटची जुनी सामग्री. पुढे डॉक्टरांच्या दारात मोटार आली आणि हळूहळू व्हिजिट मागे पडली. ह्यात डॉक्टरांचा दोष फारसा नाही. हैदराबादेतील मराठी माणसांची जुनी वस्ती ज्या भागांत आहे, त्या सुलतान बाजार, बडी चावडी, हनुमान टेकडी, इसामिया बाजार, काचीगुडा, कुतबीगुडा ह्या मोहल्ल्यांतील गल्ल्या मोटारीसाठी आखलेल्याच नव्हत्या. मोटार गल्लीत शिरत नाही, आणि बाहेर उभी करावी तर जागा मिळत नाही.

माझ्याकडे आज अशी तीन घरे आहेत. तिन्ही घरांतील मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशी आहेत. एका घरी कंपवाताने अंथरुणाला खिळलेले गृहस्थ आणि त्यांची ऐंशीच्या घरातील पत्नी. दुसऱ्या घरी मांडीचे हाड मोडल्यापासून जिना न उतरलेल्या एक निवृत्त शिक्षिका. तिसऱ्या घरी हृदयाचा पंप अशक्त झालेले एक आजोबा, ज्यांचे वजन आणि पायांची सूज दर आठवड्याला पाहिली नाही तर त्यांची रवानगी इस्पितळात ठरलेली. ह्या मंडळींना रुग्णवाहिकेतून आणवणे हा त्यांच्यासाठी खर्च आणि हाल दोन्ही. मी जाणे सोपे. परंतु माझे वय त्रेसष्ट, उजवा गुडघा झिजलेला, स्कूटर सोडून चार वर्षे झालेली. नामपल्लीहून रिक्षा करून जावे तर येताना ती मिळेलच असे नाही. व्हिजिट बंद करण्याचा विचार गेल्या पावसाळ्यात मी घरी बोलूनही दाखवला होता.

अशा वेळी एका तरुण सहकाऱ्याने आपली जाड टायरांची विजेची सायकल दोन आठवड्यांसाठी माझ्याकडे ठेवली. "सर, एकदा चालवून तर पाहा," एवढेच तो म्हणाला. नव्या औषधाची आपण जशी चाचणी घेतो, त्याच शिस्तीने मी ह्या वाहनाची चाचणी घेतली. तिचा वृत्तांत आणि त्यातून निघालेले काही वैद्यकीय व व्यावहारिक विचार डॉक्टर मित्रांपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

थोडा पूर्वेतिहास

हवा भरलेल्या टायरचा इतिहास आपल्या व्यवसायाला जवळचा आहे. रॉबर्ट थॉमसन ह्याने १८४५ साली अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ साली ते पुन्हा शोधून व्यवहारात आणले ते बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याने, आणि तेही आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी. विजेच्या सायकलची कल्पनाही त्याच शतकातील. ऑग्डेन बोल्टन ह्या अमेरिकनाने मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर बसवलेल्या सायकलचे पेटंट १८९५ साली मिळवले. मात्र तिला पेलेल अशी हलकी बॅटरी यायला शंभर वर्षे जावी लागली. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. पायडल मारण्याच्या प्रमाणात मोटरने साथ द्यावी अशी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली विक्रीस आणली.

जाड टायरांची गोष्ट निराळी. अलास्कातील बर्फावर नेहमीचे टायर रुततात, म्हणून सायमन राकोवर ह्यांच्यासारख्या तेथील हौशी कारागिरांनी १९८० च्या दशकात दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाके बनवली. न्यू मेक्सिकोच्या वाळूतही असेच प्रयोग चालले होते. २००५ साली सर्ली ह्या कंपनीची 'पग्सली' ही सायकल आली आणि हा प्रकार हौशी वर्तुळाबाहेर सर्वत्र पोहोचला. आपल्याकडे पुण्यात २०२० साली सुरू झालेल्या ई-मोटोराड कंपनीची 'डूडल' ही घडी घालता येणारी जाड टायरांची वीजसायकल बऱ्याच जणांनी पाहिली असेल. महेंद्रसिंग धोनी ह्याने २०२४ साली ह्या कंपनीत गुंतवणूक केल्यावर तिचे नाव घरोघरी गेले.

माझ्या हाती आलेले यंत्र ह्याच जातीचे होते. वीस इंची चाके, चार इंच रुंद टायर, मागच्या चाकात २५० वॅटची मोटर, ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची बॅटरी, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. घरच्या वजनकाट्यावर आधी मी एकटा आणि मग सायकल उचलून उभा राहिलो. फरक अठ्ठावीस किलोंचा निघाला.

नामपल्ली ते नौबत पहाड

पहिली फेरी रविवारी सकाळी सहा वाजता नामपल्ली स्टेशनासमोरून सुरू केली. ही वेळ मुद्दाम निवडली होती. त्या वेळी रस्ता मोकळा असतो आणि यंत्राची कुरकुर ऐकू येते. स्टेशनाच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याने टायरांकडे निरखून पाहिले आणि विचारले, "डाक्टर साब, ये सैकल है की ट्रॅक्टर?" उत्तर देण्यापूर्वीच त्याने अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि पसंतीची मान हलवली.

बाग-ए-आमच्या कडेने निघालो. आपल्या नुमाईशीचा जन्म ह्याच बागेत झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली येथे पहिले प्रदर्शन भरवले आणि १९४६ मध्ये ते नामपल्लीच्या सध्याच्या मैदानावर गेले. दरवर्षी १ जानेवारीपासून भरणाऱ्या ह्या प्रदर्शनात शिवणयंत्रापासून मिक्सरपर्यंत प्रत्येक नवे यंत्र आपल्या आईवडिलांनी आधी हाताळून मग घरी आणले. आधी हाताळून पाहायचे आणि मगच पैसे मोजायचे, ही नामपल्लीची जुनी रीत ह्या सायकलच्या बाबतीतही पाळायला हरकत नाही.

सपाट रस्त्यावर पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. मोटर गप्प असते. टायर मात्र डांबरावर सतत गुणगुणतात. दुसरी गोष्ट सुरुवातीच्या हिसक्याची. ह्या सायकलमधील यंत्रणा पायडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखते. पाय किती जोर लावतो आहे हे तिला कळत नाही. त्यामुळे पायडल अर्धे फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि मग मागून कोणी ढकलावे तशी सायकल पुढे झेपावते. मदतीच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर निघाले तर हा धक्का सौम्य असतो, पाचवीवर निघाले तर समोरच्या हातगाडीवर जाण्याची भीती असते. ब्रेकची मूठ दाबताच मोटर बंद होते, ही सोय मात्र चोख आहे. जोर ओळखणारी यंत्रणा असलेल्या महाग सायकली अधिक सरळ वागतात.

विधानसभेसमोरून आदर्शनगरकडे वळलो आणि नौबत पहाडाच्या चढाला लागलो. बिर्ला मंदिराच्या ह्या टेकडीवर तरुणपणी साध्या सायकलवरून चढताना मी अर्ध्यावर उतरत असे. येथे थोडे गणित मांडतो. माझे वजन ६८ किलो, सायकल २८, बॅग ४; एकूण १०० किलो. शंभर मीटरला पाच मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेग राखायचा तर केवळ चढाशी झगडायला सुमारे १६० वॅट शक्ती लागते. टायरांचे घर्षण धरले तर हा आकडा दोनशेच्या आसपास जातो. साठी ओलांडलेल्या, सवय नसलेल्या माणसाला सलग शंभर वॅट देणेही जड. उरलेला भार मोटर उचलते. मी मध्ये एकदाही न उतरता वर पोहोचलो आणि गुडघ्याने तक्रार केली नाही.

आता नाडीकडे वळतो. माझी विश्रांतीची नाडी ७२. दुसऱ्या पायरीवर सपाट रस्त्यावर ती १०४ होती, चढावर ११६. वयाप्रमाणे कमाल नाडीचा आपला ढोबळ हिशेब, म्हणजे २२० वजा वय, धरला तर माझी कमाल नाडी १५७ होते. मध्यम व्यायामाची पट्टी तिच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे सुमारे १०० ते ११९. दोन्ही आकडे ह्या पट्टीत बसतात. नंतर पायडल न मारता केवळ हँडलवरचा थ्रॉटल पिळून तेवढेच अंतर सपाटीवर गेलो, तेव्हा नाडी ८४ च्या वर गेली नाही. एकाच यंत्राचे हे दोन उपयोग आहेत. पायडलने ते व्यायामाचे साधन ठरते. थ्रॉटलने ती संथ स्कूटर होते.

गल्लीतील परीक्षा

खरी परीक्षा पुढच्या मंगळवारी, भर वर्दळीत. नामपल्लीहून अबिद्स, मोअज्जमजाही मार्केट, जांबाग, कोठी असा रस्ता धरला. मार्केटच्या दगडी मनोऱ्यापाशी रस्त्याची एक बाजू खणलेली होती. जाड टायरांचे गुण येथे दिसले. साध्या सायकलच्या टायरात ५०-६० पौंड दाबाची हवा असते, ह्यात जेमतेम १५-२०. दाब कमी म्हणजे टायर अधिक पसरतो. मागच्या चाकावर साठ किलो भार धरला तर ५५ पौंडांवर टायर रस्त्याला सुमारे १५ चौरस सेंटिमीटर टेकतो, १५ पौंडांवर ५७. खडी, चर, गटाराच्या झाकणाची कड हे सारे त्या गादीत मुरते. मनगटाला आणि कमरेला बसणारा हादरा लक्षणीय कमी होता. मणक्यांच्या जुन्या दुखण्यासाठी ही मोलाची गोष्ट आहे.

दोषही तेथेच दिसले. रुंद टायर वळणावर जड वाटतो आणि हँडल स्वतःच्या मर्जीने आत ओढू पाहते. हवा कमी झाली तर हा खोडसाळपणा वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा दाब तपासणे आवश्यक. ओल्या तेलकट फरशीवर रुंद टायरही घसरतो. ह्या बाबतीत जाहिरातींवर विसंबू नये. आणि बॅटरी संपली तर अठ्ठावीस किलोंचे हे धूड पायांनी रेटणे म्हणजे शिक्षाच. माझा अनुभव असा की मध्यम मदतीवर एका चार्जमध्ये तीस-पस्तीस किलोमीटर जाता येते. पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते.

पण ज्यासाठी हा खटाटोप केला ते साधले. सुलतान बाजारातील त्या गल्लीत मी थेट दारापर्यंत गेलो. घाम नव्हता, धाप नव्हती. कंपवाताच्या गृहस्थांची लघवीची नळी बदलली, रक्तदाब पाहिला, पाठीवर नव्याने सुरू झालेली शय्याव्रणाची लाली त्यांच्या पत्नीला दाखवली आणि कूस बदलण्याचे वेळापत्रक लिहून दिले. ही लाली फोनवर दिसली नसती. आणखी आठ दिवसांनी तिची जखम झाली असती. निघताना त्या माउली जिन्याच्या तोंडाशी आल्या, सायकलकडे पाहून म्हणाल्या, "आता येत जाल ना हो दर मंगळवारी?" मी होकार दिला. तिन्ही घरे मिळून अकरा किलोमीटर झाले आणि तासाभरात मी परत दवाखान्यात होतो.

वैद्यकीय दृष्टीने

"मोटर लावली म्हणजे व्यायाम कसला?" हा प्रश्न मला आमच्याच व्यवसायातील अनेकांनी विचारला. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट ह्यांनी विश्रांतीऐवजी हालचालीचा पुरस्कार केला. ते स्वतः सायकलचे मोठे प्रचारक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. वीजसायकलवरील अभ्यासांचा २०१८ साली जो पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पायडलसाथीने सायकल चालवणे हा मध्यम व्यायाम ठरतो आणि निष्क्रिय व्यक्तींची हृदय-फुप्फुसांची क्षमता त्याने सुधारू शकते, असे आढळले. युरोपातील सात शहरांतील २०१९ च्या एका अभ्यासात वीजसायकलस्वार आणि साधे सायकलस्वार ह्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम जवळजवळ सारखा निघाला. वीजसायकलवाले प्रत्येक किलोमीटरला कमी श्रम घेतात, पण अधिक लांब जातात.

रुग्णांना सल्ला देताना मात्र भेद करावा लागेल. छातीत दुखणे अस्थिर असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल व ताणचाचणी झालेली नसेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, फिट्स किंवा चक्कर येत असेल, तर सायकल दूरच ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना डोक्याचा साधा मारही महाग पडतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा श्रम मध्यम समजावा. मधुमेहाने तळपायाची जाणीव गेली असेल तर पाय पायडलवर नीट आहे की नाही हे कळत नाही. गुडघेदुखीवाल्यांनी बैठक खाली ठेवू नये. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला असता गुडघा सरळ व्हावा, इतकी बैठक उंच हवी. ज्यांना पाय मागून फिरवून चढणे जमत नाही, त्यांनी मधली दांडी खाली असलेला सांगाडाच घ्यावा. करंगळीला मुंग्या आल्या तर हँडलवरची पकड आणि हँडलची उंची बदलावी. आणि कायदा सांगो वा न सांगो, हेल्मेट प्रत्येकाने घालावे.

कायदा आणि बॅटरी

आपल्याकडील नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या विजेच्या दुचाकीला नोंदणी व परवाना लागत नाही. बाजारात मात्र ५०० आणि ७५० वॅटची यंत्रे सायकल म्हणून विकली जातात, आणि वेगाची मर्यादा काढून देणारे कारागीरही भेटतात. असे यंत्र कायद्याने मोटारवाहन ठरते. त्यावर नोंदणी नाही, विमा नाही. अपघात झाल्यास स्वार आणि ज्याला धक्का लागला तो, दोघेही उघड्यावर पडतात. नातवंडांच्या हट्टाखातर असे यंत्र घेणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरी काळजी आगीची. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत विजेच्या दुचाकींच्या दुकानात आग लागली आणि वरच्या लॉजमधील आठ जणांचा बळी गेला. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या नामपल्लीतील बाजारघाटात तळमजल्यावरील रसायनांनी पेट घेतला आणि वर राहणारी नऊ माणसे गेली. दुसऱ्या घटनेचा बॅटरीशी संबंध नव्हता. परंतु दोन्ही ठिकाणी धूर जिन्यातून वर चढला आणि खाली उतरण्याची वाट बंद झाली. म्हणून सायकल अथवा तिची बॅटरी जिन्याखाली, दाराच्या वाटेत किंवा शेजघरात कधीही चार्ज करू नये. मूळ चार्जरच वापरावा, रात्री चार्जिंगला लावून झोपू नये, आणि पडून चेपलेली अथवा फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी बॅटरी सुटी निघते की नाही हे आधी पाहावे, कारण अठ्ठावीस किलो जिन्यावरून रोज वाहून नेणे कोणालाच झेपणार नाही.

माझा निर्णय

दोन आठवड्यांत मी एकूण एकशे चाळीस किलोमीटर चाललो. त्यानंतर सायकल तिच्या मालकाला परत केली आणि स्वतःसाठी २५० वॅटच्या, खालच्या दांडीच्या, अडीच इंची टायरांच्या सायकलीची मागणी नोंदवली. चार इंची टायर वाळूत आणि शेतरस्त्यावर शोभतात. कोठीच्या गर्दीत मला त्यांच्या गादीपेक्षा पाच-सहा किलो हलके वजन अधिक उपयोगी वाटते. ज्यांच्या वाटेवर खडी अधिक आहे आणि तळमजल्यावर जागा आहे, त्यांनी जाड टायर खुशाल घ्यावेत. मंगळवार आणि शुक्रवारच्या व्हिजिट चालू राहतील.

आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. व्हिजिटची गरज असलेली आपल्या समाजातील घरे किती आहेत ह्याची यादी आपल्यापाशी नाही. ती तयार करावी. मंडळाने अशी एक सायकल, दोन हेल्मेट आणि रक्तदाब-साखर तपासण्याच्या साहित्याची एक बॅग विकत घ्यावी. जे तरुण डॉक्टर आठवड्यातून एक तास देऊ शकतील, त्यांनी पाळीपाळीने ती वापरावी. एका तासात तीन घरे होतात, हे मी चालवून पाहिले आहे.

यादीसाठी आपल्या ओळखीच्या घरांचा तपशील मंडळाच्या कार्यवाहांकडे द्यावा. ज्यांना आधी सायकल चालवून पाहायची असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी सहाला नामपल्ली स्टेशनासमोरच्या टपरीवर यावे. चहा माझ्याकडून; हेल्मेट आपापले आणावे.